स्टोरेज क्लस्टरचं सॉफ्टवेअर अपग्रेड करताना पद्धत कशी निवडावी? सांगली-मिरजेतून वारंवार येणारे प्रश्न

हे पान सांगली, मिरज, कुपवाड भागात स्वतःचा स्टोरेज क्लस्टर, म्हणजे मिळून एकच डेटासाठा चालवणारे अनेक सर्व्हर, सांभाळणाऱ्यांसाठी आहे. रुग्णालयाचा आयटी विभाग, कारखान्याचा ईडीपी (संगणक) विभाग, पतसंस्था, महाविद्यालयाची सर्व्हर रूम, कुणीही असो. बहुतेक उत्तरं सेफ या मुक्त स्टोरेज प्रणालीला धरून आहेत. ग्लस्टर ही तशीच दुसरी प्रणाली वापरणाऱ्यांसाठी पुढे वेगळा प्रश्न घेतला आहे.

अपग्रेड करायच्या पद्धती मुळात किती?

चार. पहिली रोलिंग: क्लस्टर चालू ठेवायचा आणि एकेक सर्व्हर, किंवा सर्व्हरवरची एकेक सेवा, नव्या आवृत्तीवर न्यायची. हे हातानं पॅकेज बसवून करता येतं, तशीच दुसरी पद्धत म्हणजे सेफॲडमसारख्या (सेफचंच क्लस्टर सांभाळणारं) साधनाकडून कंटेनर, म्हणजे सेवांचे तयार बांधलेले डबे, बदलून घ्यायचे. तिसरी, सगळं बंद करून एकदाच अपग्रेड. चौथी, शेजारी नवा क्लस्टर उभा करून डेटा तिकडे हलवायचा. पहिल्या दोन्हींत क्लस्टर चालूच राहतो, फरक फक्त काम कोण करतं याचा.

आमच्यासाठी कोणती, हे कशावरून ठरवायचं?

लोक या प्रश्नाला साधनापासून हात घालतात. सेफॲडम चांगलं की पॅकेज, कमांड किती, किती वेळ लागेल. माझ्या मते सुरुवात दुसरीकडून व्हायला हवी. तुमच्या क्लस्टरमधला एक सर्व्हर पूर्ण बंद केला तर काम चालतं का, आणि हे तुम्ही खरोखर करून पाहिलंय का?

रोलिंग अपग्रेड म्हणजे प्रत्येक सर्व्हर आळीपाळीनं थोडा वेळ नसणं. एक सर्व्हर गेल्यावर क्लस्टर थांबत असेल तर कुठलंही साधन वापरा, अपग्रेडच्या वेळी तो थांबणारच. म्हणून आधी एखाद्या शांत रविवारी एक सर्व्हर रीतसर बंद करा. दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा. वापरणाऱ्यांपैकी कुणाचा फोन येतो का, मॉनिटरांचा (क्लस्टरच्या स्थितीची नोंद ठेवणाऱ्या सेवांचा) कोरम, म्हणजे बहुमत, टिकतो का, उरलेल्या डिस्कवर ताण किती येतो, हे पाहा. मग सर्व्हर परत चालू करा आणि सगळे प्लेसमेंट ग्रुप (डेटाचे गट, पुढे नुसतं ‘ग्रुप’) ‘ॲक्टिव्ह क्लीन’, म्हणजे सगळ्या प्रती जागेवर, व्हायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. ही चाचणी निभावली तर रोलिंग. नाही निभावली तर आधी क्लस्टर दुरुस्त करा, नाहीतर संस्थेकडून रीतसर बंदची वेळ मागून घ्या.

दुसरं पाहायचं ते क्लस्टरची आजची तब्येत. ‘हेल्थ ओके’ नसेल तर अपग्रेडला हात लावू नका. एखादी डिस्क कुरकुरतेय, एखादा ग्रुप गेल्या महिन्यापासून ‘इनकन्सिस्टंट’ (प्रती एकमेकींशी न जुळणारा) दिसतोय, डिस्क 85 टक्क्यांच्या वर भरल्यात आणि ‘निअरफुल’चा इशारा लागलाय, असल्या गोष्टी नवी आवृत्ती आली म्हणून आपोआप सुटत नाहीत. उलट अपग्रेडच्या मध्यावर तो आधीचा दोष की नवा, हेच कळेनासं होतं.

आमच्याकडे तीनच सर्व्हर आहेत. रोलिंग करायला हरकत नाही ना?

हरकत नाही, पण गणित डोक्यात पक्कं असू द्या. आपल्या भागात तीन सर्व्हर आणि प्रत्येक डेटाच्या तीन प्रती ही मांडणी नेहमी दिसते. अशा पूलचा (डेटा ठेवायच्या विभागाचा) ‘मिन साइझ’ सहसा 2 असतो, म्हणजे दोन प्रती हजर असेपर्यंत वाचन-लेखन चालतं. एक सर्व्हर अपग्रेडसाठी खाली गेला की उरतात बरोबर दोन. त्याच वेळी उरलेल्यांपैकी एका सर्व्हरमधली डिस्क गेली, तर तिच्यावरच्या ग्रुपची एकच प्रत राहते आणि सेफ त्या ग्रुपचं काम थांबवतो. डेटा जात नाही, पण काम अडतं.

अशा वेळी कुणीतरी सुचवतं की ‘मिन साइझ’ 1 करा म्हणजे गाडी पुढे जाईल. करू नका. एकाच प्रतीवर लिखाण सुरू ठेवलं आणि तीही डिस्क गेली, तर ते लिखाण दुसरीकडे कुठेच नसतं. त्यापेक्षा खाली असलेला सर्व्हर लवकर वर आणा.

मॉनिटरांचंही तसंच. तीनपैकी दोन हजर लागतात, पाच असतील तर तीन. म्हणून मॉनिटर एका वेळी एकच रीस्टार्ट करायचा आणि तो कोरममध्ये परत आल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. चौथा सर्व्हर घेण्याची ऐपत असेल तर अपग्रेडआधी घ्या. एक सर्व्हर मेला तरी तिसरी प्रत परत तयार व्हायला जागा मिळते.

इरेझर कोडिंग (पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे आणि दुरुस्तीचे तुकडे ठेवणं) वापरत असाल तर हाच हिशेब वेगळ्या आकड्यांनी करा. 4 अधिक 2 (चार तुकडे डेटाचे, दोन दुरुस्तीचे) अशी मांडणी असेल तर ‘मिन साइझ’ सहसा 5 असतो, म्हणजे सहा सर्व्हरपैकी एकच खाली चालतो.

सेफॲडम की हातानं पॅकेज?

सेफॲडम 2020 च्या ऑक्टोपस आवृत्तीपासून आलं. त्यात अपग्रेड सुरू करायला एक कमांड पुरते. पुढचं ते स्वतः करतं: आधी मॅनेजर (देखरेखीची सेवा), मग मॉनिटर, मग ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारी सेवा), मग एमडीएस (फाइलींची माहिती ठेवणारी सेवा) आणि गेटवे (बाहेरून डेटा मागायचं दार). प्रत्येक सेवा थांबवण्याआधी ती थांबवल्यास डेटा उपलब्ध राहील का, हे ते क्लस्टरलाच विचारतं. एखादा सर्व्हर ऑफलाइन झाला तर स्वतःहून थबकतं. मध्येच थांबवता येतं, परत सुरू करता येतं. हातानं करणारा माणूस पहाटे तीनला दमलेला असतो, तेव्हा हे तपासणं नेमकं राहून जातं. म्हणून क्लस्टर आधीच सेफॲडमवर असेल तर दुसरा विचार करू नका.

त्याच्या दोन अटी मात्र आधी पाहून ठेवा. एक, मॅनेजर किमान दोन हवेत, एक चालू आणि एक राखीव. राखीव नसेल तर अपग्रेड तिथेच अडतो. दोन, प्रत्येक सर्व्हरला नव्या आवृत्तीची कंटेनर इमेज खेचता आली पाहिजे. रस्ता खोदताना फायबर तुटणं आपल्याला नवीन नाही. निम्मे सर्व्हर नवे, निम्मे जुने आणि लाइन गेलेली, अशा स्थितीत अडकण्यापेक्षा इमेज आदल्या दिवशीच सगळीकडे उतरवून ठेवा, किंवा आपल्या नेटवर्कमध्येच छोटी रजिस्ट्री (इमेज साठवायची जागा) चालवा.

सगळं एका दमात नको असेल तर टप्प्याटप्प्यानंही करता येतं. सेफच्या 16.2.11 आणि 17.2.1 या आवृत्त्यांपासून सेवेच्या प्रकारानुसार, सर्व्हरनुसार किंवा ‘इतकेच करा’ अशी मर्यादा घालून अपग्रेड चालवता येतो. मला ही सोय फार मोलाची वाटते. मॅनेजर आणि मॉनिटर एका दिवशी, मग एकाच सर्व्हरचे ओएसडी, एक रात्र पाहायचं आणि मग बाकीचे.

हातानं पॅकेज बसवणं कुणी निवडावं? ज्यांचा क्लस्टर जुन्या पद्धतीनं उभा आहे, ज्यांच्याकडे प्रॉक्समॉक्स आहे (व्हर्च्युअल मशिन चालवणारी प्रणाली; तिथे सेफ त्यांच्याच पॅकेजांतून येतं), किंवा ज्यांना कंटेनरचा सराव नाही, त्यांनी. जुना क्लस्टर सेफॲडमच्या ताब्यात देता येतो, पण ते वेगळं काम आहे. ते आणि आवृत्ती बदलणं एकाच रात्री करू नये.

पॅकेजनं करताना क्रम कोणता?

आधी सगळे मॉनिटर, मग मॅनेजर, मग ओएसडी, मग एमडीएस, शेवटी ऑब्जेक्ट गेटवे. सुरुवातीला ‘नोआउट’ लावायचं. ते नसेल तर खाली गेलेला ओएसडी साधारण 10 मिनिटांनी क्लस्टरमधून बाहेर धरला जातो आणि त्याचा डेटा दुसरीकडे हलायला लागतो. सेफएफएस (सेफची फाइल सिस्टिम) वापरत असाल तर एमडीएसची संख्या आधी एकावर आणा आणि ‘स्टँडबाय रीप्ले’ (राखीव एमडीएस सतत तयार ठेवणं) बंद करा.

लहान क्लस्टरमध्ये इथे एक खड्डा असतो. आपल्याकडे मॉनिटर आणि ओएसडी बहुधा एकाच सर्व्हरवर असतात. पॅकेज बसवलं तरी चालू सेवा जुनीच राहते. पण नवं पॅकेज आल्यानंतर एखादा ओएसडी क्रॅश झाला किंवा सर्व्हर रीबूट झाला, तर तो थेट नव्या आवृत्तीत उठतो, मॉनिटर अजून जुने असतानाही. म्हणून पॅकेज बसवणं आणि मॉनिटर रीस्टार्ट करणं यांत अंतर ठेवू नका. सगळीकडे पॅकेज, लगेच एकेक करून मॉनिटर, आणि मगच चहा.

मधल्या आवृत्त्या गाळून थेट नव्यावर जाता येतं का?

सेफमध्ये एका उडीत जास्तीत जास्त दोन आवृत्त्या. पॅसिफिक (16) वरून रीफ (18) वर थेट जाता येतं, स्क्विड (19) वर नाही. ऑक्टोपस (15) वर असाल तर क्विन्सी (17) आणि तिथून स्क्विड, असे दोन टप्पे.

पण टप्पे मोजून काम भागत नाही. वाटेत काय काढून टाकलंय ते पाहावं लागतं. क्विन्सीत मॉनिटरांसाठी लेव्हलडीबी या जुन्या डेटाबेसचा आधार गेला, तेव्हा जुने मॉनिटर त्याआधीच रॉक्सडीबीवर नव्यानं बनवून घ्यायला हवेत. रीफमध्ये फाइलस्टोअर, म्हणजे ओएसडीची डिस्कवर लिहायची जुनी पद्धत, गेलं. क्लस्टर 2017 च्या लुमिनसच्याही आधीचा असेल तर त्यात फाइलस्टोअरचे ओएसडी हमखास सापडतात. ते एकेक रिकामे करून ब्लूस्टोअर या नव्या पद्धतीवर परत बनवायचे, आणि क्विन्सीवरचा मुक्काम त्यासाठी योग्य. हे काम अपग्रेडपेक्षा कितीतरी पट वेळ खातं, म्हणून वेळापत्रकात आधी तेच मांडा.

आणि एक इशारा. 2021 मध्ये पॅसिफिकच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत एक गंभीर दोष सापडला होता. जुन्या क्लस्टरवरून आल्यावर ओमॅपचं (डेटासोबत ठेवलेल्या नोंदींचं) रूपांतर होताना डेटा बिघडू शकत होता. 16.2.7 मध्ये तो दुरुस्त झाला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: नवी मोठी आवृत्ती आली की तिच्या दोन-तीन दुरुस्त्या येऊ द्याव्यात, आणि रिलीज नोट्स पूर्ण वाचाव्यात, त्यातही मोठी उडी मारताना मधल्या आवृत्तीच्या.

नाही जमलं तर जुन्या आवृत्तीवर परत येता येईल का?

नाही असंच धरून चाला. मॉनिटर नव्या मोठ्या आवृत्तीवर गेले की त्यांचा साठा नव्या पद्धतीनं लिहिला जातो आणि परतीची वाट राहत नाही. म्हणून खरा प्रश्न परतीचा नसून बॅकअपचा आहे. तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. सॉफ्टवेअरच्या दोषानं एक प्रत बिघडली तर तिन्ही बिघडतात. क्लस्टरच्या बाहेर, शक्यतो दुसऱ्या इमारतीत प्रत हवी आणि तिच्यातून एखादी फाइल परत काढून पाहिलेली हवी.

मिरजेतलं आमचं रुग्णालय चोवीस तास चालतं. खरंच शून्य बंद शक्य आहे?

मिरजेत शांत तास शोधून सापडत नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये इथे रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून हे उपचारांचं गाव आहे. उत्तर कर्नाटकातून रुग्ण येतात आणि ते वेळ पाहून येत नाहीत. रात्री अडीचला अपघाताची केस आली की सीटीच्या प्रतिमा पॅक्स (वैद्यकीय प्रतिमा साठवणाऱ्या) सर्व्हरवर उघडाव्याच लागतात.

तेव्हा खरं उत्तर असं: बंद नाही, पण क्षणभर अडखळणं आहे. ओएसडी रीस्टार्ट झाला की त्याच्यावरचे ग्रुप ‘पीअरिंग’मध्ये (प्रतींचा आपसात ताळमेळ घालण्यात) जातात आणि तेवढ्यापुरतं त्यांचं वाचन-लेखन थांबतं. स्क्रीनवर ‘हेल्थ वॉर्न’ येतं, ‘अंडरसाइज्ड’ आणि ‘डिग्रेडेड’चे, म्हणजे प्रती कमी पडल्याचे, आकडे चढतात. ओएसडी परत आला की आकडे उतरायला लागतात, आणि मधल्या वेळात जे लिहिलं गेलं तेवढंच तो भरून घेतो. रेडिओलॉजिस्टच्या पडद्यावर याचा अर्थ इतकाच की पुढची स्लाइस यायला काही सेकंद जास्त लागले. हे आधी सांगितलेलं असेल तर ते थांबतात. सांगितलं नसेल तर ते सॉफ्टवेअर बंद करून परत उघडतात आणि ताण वाढवतात.

अशा ठिकाणी एका सर्व्हरचे सगळे ओएसडी एकदम न उचलता एकेक करा आणि प्रत्येकानंतर सगळे ग्रुप ‘ॲक्टिव्ह क्लीन’ होऊ द्या. वेळ जास्त लागतो, लागू द्या. क्विन्सीपासून एमक्लॉक शेड्युलर (कोणत्या कामाला आधी वेळ द्यायचा हे ठरवणारा) डिफॉल्ट आहे. त्यामुळे बॅकफिल (डेटा परत भरून घेणं) कमी-जास्त करायच्या जुन्या सेटिंग तशाच लावल्या तर त्यांचा परिणाम होत नाही. त्याऐवजी ‘हाय क्लायंट ऑप्स’ हा प्रोफाइल लावा, म्हणजे दुरुस्तीपेक्षा वापरणाऱ्यांच्या कामाला प्राधान्य मिळतं.

आपत्कालीन विभागाशी बोलून ताज्या केसेसच्या प्रतिमा त्या रात्रीपुरत्या मशिनच्या कन्सोलवरही राहतील अशी सोय करून घ्या.

वर्षातली कुठली वेळ बरी?

जुलै-ऑगस्ट नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी शहरात कुठवर आलं होतं ते इथे कुणाला सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ 40 फूट इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी. पाणी 40 कडे चढत असेल तर ठरलेला अपग्रेडसुद्धा पुढे ढकला, कारण पूर आला की वीज, लाइन आणि माणसं तिन्ही एकदम कमी पडतात. तळमजल्यावर सर्व्हर रूम असेल तर अपग्रेडच्या आधी तीच वर हलवायचा विचार करा.

कारखान्यात गळीत हंगामात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, वजनकाट्याच्या डेटाला हात लावायचा नाही. पतसंस्थेनं मार्चअखेर टाळावी. मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचा हिशेब ठेवणाऱ्यांनी हळदीच्या सौद्यांचे दिवस आणि महिन्याची 11 आणि 20 या जीएसटीच्या तारखा टाळाव्यात.

राहतो मे. पण मेमध्ये वळीव. दुपारनंतर आभाळ भरतं, वारा सुटतो, वीज जाते. म्हणून रात्री सुरू करण्यापेक्षा पहाटे सुरू करून दुपारी बाराच्या आत त्या दिवसाचा टप्पा संपवावा. यूपीएसच्या बॅटऱ्या लोड टाकून तपासा, जनरेटरमध्ये डिझेल किती ते स्वतः पाहा.

सगळं बंद करून अपग्रेड करणं हे मागासलेपण आहे का?

मुळीच नाही. हंगाम संपल्यावर कारखाना बंद ठेवून मिलची ओव्हरहॉलिंग करतातच, तसंच हे. महाविद्यालयाला सुट्टी असेल, दोन दिवस कुणाला फाइल लागणार नसेल, तर बंद ठेवून केलेला अपग्रेड सुटसुटीत असतो, कारण जुन्या-नव्या आवृत्त्या एकत्र चालण्याचा काळच येत नाही. आधी वापरणारे सगळे सर्व्हर थांबवा, मगच क्लस्टर. मॉनिटर आधी हा क्रम इथेही पाळायचा.

नवा क्लस्टर उभा करून डेटा हलवणं कधी परवडतं?

हार्डवेअर बदलायची वेळ आलीच असेल तेव्हा. सर्व्हर जुने, ऑपरेटिंग सिस्टिम सेंटओएस 7 (तिचा आधार 30 जून 2024 ला संपला), ओएसडी फाइलस्टोअरचे, आणि आवृत्ती चार पायऱ्या मागे, अशी स्थिती असेल तर पायऱ्या चढत बसण्यापेक्षा हेच शहाणपणाचं. जुना क्लस्टर जसाच्या तसा उभा राहतो, त्यामुळे परतीची वाट असलेली ही एकमेव पद्धत. खर्च मोठा असतो. आरबीडी इमेज (सेफमधल्या व्हर्च्युअल डिस्क) मिररिंगनं नेता येतात, फाइली आरसिंक या कॉपीच्या साधनानं, आणि पॅक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं स्वतःचं स्थलांतर सहसा असतं.

ग्लस्टरसाठी हेच लागू आहे का?

तत्त्व तेच, तपशील वेगळे. रेप्लिका व्हॉल्यूम (प्रत्येक फाइलच्या प्रती ठेवणारा) असेल तर चालू ठेवून एकेक सर्व्हर करता येतो. नुसता डिस्ट्रिब्यूट व्हॉल्यूम असेल तर बंद ठेवूनच, कारण सर्व्हर खाली गेला की त्याच्यावरच्या फाइली दुसरीकडे कुठेच नसतात. एक सर्व्हर झाला की सेल्फ हीलची (मागे राहिलेल्या प्रती भरून घेण्याची) यादी शून्यावर येईपर्यंत थांबा. इथे घाई केली की स्प्लिट ब्रेन होऊ शकतो, म्हणजे प्रती वेगवेगळ्या होतात आणि खरी कोणती ते कळत नाही. आधी सर्व्हर, मग क्लायंट, आणि ऑप व्हर्जन (सगळ्या क्लस्टरनं पाळायचा आवृत्ती-क्रमांक) सगळ्यात शेवटी. रेड हॅटनं आपल्या ग्लस्टर उत्पादनाचा आधार 2024 अखेर थांबवला, तेव्हा नव्या कामासाठी ग्लस्टर निवडताना हे लक्षात घ्या.

ऑपरेटिंग सिस्टिमही त्याच वेळी बदलून घ्यावी का?

नको. दोन्ही एकत्र बदलली आणि ओएसडी उठला नाही, तर दोष कर्नलचा, ड्रायव्हरचा की सेफचा, हे शोधण्यात सकाळ होते. प्रॉक्समॉक्समध्ये तर क्रम ठरलेलाच आहे: 7 वरून 8 वर जाण्याआधी सेफ क्विन्सीवर न्यावं लागतं.

व्हर्च्युअल मशिनचं काय?

पुष्कळ जण हे विसरतात. चालू व्हर्च्युअल मशिन सुरू होताना घेतलेली जुनी आरबीडी लायब्ररीच वापरत राहतं. होस्टवर नवं पॅकेज आलं तरी ते मशिन बंद-चालू होईपर्यंत किंवा दुसऱ्या होस्टवर लाइव्ह हलवेपर्यंत फरक पडत नाही. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

संचालकांना हे कसं समजवायचं? ‘चालू आहे ते कशाला हात लावता’ म्हणतात.

त्यांची काळजी रास्त आहे. सेफच्या प्रत्येक स्थिर आवृत्तीला साधारण दोन वर्षं दुरुस्त्या मिळतात, नंतर सुरक्षेची भोकंही तशीच राहतात. हे सांगा, आणि सोबत एका कागदावर तीन गोष्टी लिहून द्या: कुठल्या वेळी काय मंद होईल, कुठल्या टप्प्यावर थांबायचं आणि थांबायचा निर्णय कोण घेईल. ‘साहेब, काही होणार नाही’ असं तोंडी सांगू नका. कागद पाहिला की परवानगी लवकर मिळते.

अपग्रेड झाला असं कधी म्हणायचं?

‘सेफ व्हर्जन्स’ कमांडमध्ये सगळ्या सेवा एकाच आवृत्तीवर दिसल्या की ‘रिक्वायर ओएसडी रिलीज’ ही सेटिंग नव्या आवृत्तीवर न्या. ते राहिलं तर नव्या सोयी चालू होत नाहीत आणि पुढच्या अपग्रेडला तेच आडवं येतं. ‘नोआउट’ काढा. ते महिनोन्महिने लागून राहिलेले क्लस्टर मी पाहिलेत. डिस्क मरते आणि दुरुस्ती सुरूच होत नाही.

त्यानंतर किमान आठवडाभर रोज सकाळी तब्येत पाहा. आठवडा यासाठी की डीप स्क्रब डिफॉल्टनुसार साधारण 7 दिवसांत सगळा डेटा एकदा वाचून तपासतो. नव्या आवृत्तीखाली ती फेरी पूर्ण झाली आणि ‘इनकन्सिस्टंट’ ग्रुप एकही निघाला नाही, की मग अपग्रेडसाठी राखून ठेवलेली जादा प्रत काढायला आणि जुन्या कंटेनर इमेज पुसायला हरकत नाही.